जोर

या गावात जोर हा शब्द आधी तालमीतनं येतो.
पहाटे आमच्या भिंतीपलीकडं
पोरं लाल मातीत जोर मारतात,
मोजणारा दोनशेच्या पुढं गेला
की माझं बाळ जागं होतं.

मला जोर सांगितला तो टेबलावर, पाय वर असताना.
लाव, आणखी लाव, डोकं दिसतंय, थांबू नको.
मी लावला.
साडेतीन किलोचा मुलगा.
गल्लीला पेढे, मला बारा टाके.

चाळिसाव्या दिवशी न्हाणीत बसलो
आणि हाताला काहीतरी लागलं,
उकडून सोललेल्या अंड्यासारखं,
मऊ, ओलं,
माझंच, पण तिथं नसायला हवं असलेलं.
मी भ्यालो.
(आम्ही इथल्या बाया बसलो, उठलो, भ्यालो असंच बोलतो.
त्या दिवशी त्या बोलण्यानं काही झाकलं गेलं नाही.)

सासूबाई भाकरी थापत होत्या.
"अंग बाहेर आलंय. कुणाला बोलू नको.
माझं पण येतंय."
आणि भाकरी उलटली.
तीस वर्षांत त्यांनी
हे वाक्य कुणालाच दिलं नव्हतं.

त्यात चार-चार दिवस पोट दगड.
बाळंतिणीनं पाणी बेतानं प्यावं, पोट सुटतं, म्हणून फुलपात्र अर्धं.
डिंकाचे लाडू, तुपातला शिरा, पुन्हा लाडू.
गंगावेशीतनं म्हशीचं धारोष्ण दूध आलं,
तेही आत जाऊन गप्प बसलं.
मग मी कुंथायचो, दात आवळून,
आणि प्रत्येक कुंथण्याला
ते अंडं बोटभर पुढं.

जमादार सिस्टर मंगळवारी असतात.
हातात बॉलपेन, पायात रबरी चप्पल.
"कुंथायचं नाही.
परत बाळ काढायचंय का?"
खोलीतलं ठेंगणं स्टूल ओढलं,
पाय त्यावर ठेवून साडीसकट बसून दाखवलं:
गुडघे कमरेच्या वर,
कोपरं मांडीवर, अंग पुढं.
"आता तोंड उघड.
गरम चहावर फुंकर घालतीस तशी.
श्वास कोंडलास की सगळा भार खाली.
कोंडणं पैलवानांना ठेव."
मग आवाज उतरवून,
"स्वच्छ कापडाची घडी घे, खालनं हातानं आधार दे.
लाज कसली? पत्रा गळला तर आपण हात लावतोच की."

कागदाच्या मागं त्यांनी चित्र काढलं, स्टुलावर पाय ठेवलेली बाई,
तोंडातनं तीन रेषा वारा.
खाली लिहिलं:
पाजायला बसायच्या आधी तांब्याभर पाणी.
रात्री काळे मनुके, अंजीर भिजत.
पपई. ज्वारीची भाकरी. पोकळ्याची भाजी.
हाक आली की जायचं,
बाळ रडलं तर दोन मिनिटं रडू दे.
आणि शेवटची ओळ दोनदा अधोरेखित:
लघवी अडली, रक्त दिसलं,
तर मनुक्यांवर बसू नको, इकडं ये.

तो कागद मी फ्रिजवर विसरलो.
आबांनी बघितला असणार.
मोडलेल्या कानांचे आबा,
सुनेशी बोलताना भिंतीकडं बघणारे.
दुसऱ्या दिवशी सांजच्याला संडासाच्या दाराशी एक पाट:
तालमीतल्या जुन्या फळीचा,
चार खुरं, वीतभर उंच,
कोपरे कानशीनं घासून गोल केलेले.
भिंतीला म्हणाले,
"बाळाला बसायला होईल."
बाळ पन्नास दिवसांचं.
कुणी हसलं नाही.

आता पहाटे पलीकडं मोजणी चालू होते
आणि मी इकडं पाटावर पाय ठेवतो,
कोपरं मांडीवर,
फू.
एक श्वास, मग दुसरा.
काही सकाळी जमतं.
काही सकाळी नुसताच बसून उठतो,
तेही सिस्टरनी सांगितलंय, दहा मिनिटांच्या वर बसायचं नाही.
अंडं गेलेलं नाही.
पण पुढंही येत नाही.

आणि परवा,
मी उठायच्या आधीच
पाट ओला होता,
त्यावर माझ्याहून रुंद पावलांचे दोन ठसे.

मी काही बोललो नाही.
रात्री मनुके
मूठभर जास्त भिजत घातले.